लाल सुतावरची सावली

आमच्या घरी ओसरीच्या भिंतीवर सात फोटो होते आणि सातही माणसं मेलेली होती. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, कुणाच्या भिंतीवर मेलेली माणसं नसतात? पण तुमच्या घरची माणसं निदान फोटो काढताना तरी जिवंत असतात. आमची फोटो काढतानाच मेलेली होती. आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, गळ्यात हार घालतात आणि मग फोटोवाल्याला बोलावतात. त्यामुळे आमचे आजोबा, थोरले काका, चुलत आजी वगैरे मंडळी मला ठाऊक आहेत ती सगळी अशी बसलेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि मान जरा एका खांद्याकडे गेलेली. थोरल्या काकांच्या हनुवटीखाली हारात लपवलेला पंचा नीट पाहिलं तर दिसायचा. मी नीट पाहत असे. संध्याकाळी ओसरीवरून एकटीनं जायची वेळ आली की मी भिंतीकडे पाठ करून, खेकड्यासारखी तिरकी चालत जायची, आणि तरी थोरल्या काकांशी माझी नजरानजर व्हायचीच.

हे फोटो काढणारा माणूस म्हणजे माझा सख्खा मामा, बसूमामा. त्याचा बाळीवेशीजवळ छोटा स्टुडिओ होता आणि त्यात लग्नाच्या जोडप्यांसाठी रंगवलेला एक पडदा होता, तळं आणि हंस असलेला. पण मामाला बोलावणी यायची ती जास्त करून दुसऱ्या कामाची. मामा स्वभावानं इतका हसरा की असल्या घरात जाताना त्याला दारात उभं राहून तोंड पाडून घ्यावं लागे. "गौरे, जिवंत गिऱ्हाईक लई तरास देतंय बघ," असं तो मला सांगायचा. "डोळं मिचकावतंय, हलतंय, परत म्हणतंय चांगला न्हाय आला. ती दुसरी मंडळी शानी. एकदा बसली की बसली."

जिवंत माणसाचा फोटो काढायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा गंगाआत्याचा. आत्या अप्पांची मोठी बहीण, लवकर विधवा होऊन आमच्याकडे आलेली. शकुन-अपशकुनाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. फोटो काढला की आयुष्य तेवढं कमी होतं, हे तिचं मत, आणि पुरावा समोर भिंतीवर टांगलेलाच होता. बघा, ज्यांचे ज्यांचे फोटो निघाले त्यातलं एक तरी माणूस आहे का? शाळेच्या ग्रूप फोटोच्या दिवशी मला दरवर्षी ताप यायचा. तो ताप आत्या सकाळीच ठरवून टाकायची. आत्याचे बाकीचे कायदे ती जेवताना सांगायची. कडक भाकरी चुरून त्यावर शेंगाचटणी आणि तेल घेऊन आम्ही बसलो की तिला असले विषय हटकून आठवत. त्यातलाच एक सावलीचा. "ज्याच्या सावलीला मुंडकं दिसना, त्यो माणूस सहावी अवस बघत न्हाय." सहा अमावस्या. ती घास चावत चावत हे म्हणाली होती आणि पुढच्या घासाला मीठ कमी आहे असंही म्हणाली होती. मला मिठाचं आठवतं म्हणजे पहिलंही नीट ऐकलं असणार.

आमचं घर साखर पेठेत. पुढं अप्पांचं ज्वारीचं दुकान, मागं अंगण, आणि अंगणापलीकडे नरसम्माचं घर. नरसम्मा आणि तिचा नवरा तेलुगू विणकर, घरातच दोन माग. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की त्यांचा खटखट खटखट आवाज सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. माग थांबला की आम्हाला दचकायला व्हायचं, इतकी त्या आवाजाची सवय. आमच्या मागच्या चुन्यानं रंगवलेल्या भिंतीसमोर दोन दगडी खांब होते. त्यांना आडवा बांबू बांधून नरसम्मा रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घालायची. कधी निळ्या, कधी हिरव्या, पण बहुतेक वेळा लाल. मोटेचं वाहावं तसं लाल पाणी भिंतीखालून वाहायचं आणि आमची मांजर गुलाबी पायांनी घरभर फिरायची.

त्या वर्षी संक्रांतीची गड्ड्याची यात्रा संपता संपता मामानं मला त्याचा जुना डबा कॅमेरा दिला. डबाच तो. काळा, चौकोनी, पोटाशी धरायचा, वरच्या नखाएवढ्या काचेत वाकून बघायचं आणि बाजूची कळ दाबायची. रिळात चार फोटो शिल्लक होते. "झाड काढ, मांजर काढ," मामा म्हणाला. "माणूस काढू नकोस, न्हाईतर गंगाक्का मला जिवंत बसवील भिंतीला टेकवून. आणि ऊन कायम पाठीला घ्यायचं. एवढंच बघ की आपली सावली फोटोत यायला नको. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक ती."

मला दहावं चालू होतं आणि कुणी चूक दाखवून दिली की ती करून पाहिल्याशिवाय मला राहवत नसे. शिवाय माझा हिशेब साधा होता. आत्याचा कायदा तोंडाच्या फोटोला. सावलीला तोंड कुठं आहे? म्हणजे माझा फोटोही निघेल आणि आयुष्यही कमी होणार नाही. आज माझी नात दिवसाला पन्नास वेळा स्वतःचे फोटो काढते आणि त्यातले एकूणपन्नास पुसते. तिला हे सांगितलं तर ती माझ्याकडे थोरल्या काकांसारखी बघते.

संध्याकाळी मी अंगणात गेले. ऊन पाठीला घेतलं. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर माझी सावली उभी राहिली. दोन वेण्या रिबिनींसकट कानांवर दुमडलेल्या, फ्रॉकचा घेर, पोटाशी डबा. बांबूवर लाल लडी वाळत होत्या, त्या खाली लोंबत माझ्या सावलीच्या गळ्यापर्यंत आल्या होत्या. माझं डोकं त्या लाल सुतावर पडलं होतं. मी मान हलवली तर तेही हललं, सुतावर गडद लाल. मला ते फार आवडलं. खाली काचेत पाहिलं तर सगळं इतकं बारीक की मुंगीचं लग्न. मी श्वास धरला आणि कळ दाबली. मग मांजराचे तीन फोटो काढले आणि डबा मामाला परत दिला.

आठ दिवसांनी स्टुडिओत गेले तेव्हा मामानं पाकिटातून फोटो काढून माझ्या हातात ठेवला आणि खो खो हसत म्हणाला, "काय गं गौरे, मुंडकं कुटं ठिवून आलीस?"

भिंत होती. फ्रॉक होता. पोटाशी डबा धरलेले दोन हात होते, खांदे होते, गळा होता. गळ्याच्या वर काही नव्हतं. नुसता काळा पट्टा, आणि त्यात माझं डोकं बुडालेलं, विहिरीत कळशी बुडावी तसं.

मामा अजून हसत होता. त्याला आत्याचा सावलीचा कायदा माहीत नव्हता आणि मी त्याला तो सांगू शकले नाही. कारण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं की भिंतीसमोर उभी असताना मला डोकं होतं. फोटो काढला आणि ते गेलं. म्हणजे फोटोनंच काढून घेतलं. आत्याचे दोन्ही कायदे एकाच फोटोत खरे झाले होते.

घरी येऊन मी फोटो ट्रंकेतल्या कागदाखाली दडवला आणि पंचांगात अमावस्या मोजल्या. पौषातली तोंडावर होती. सहावी ज्येष्ठात. त्या महिन्यांत मी कशी वागले ते आठवलं की मला माझी कीव येते आणि हसूही येतं, पण त्या वेळी हसणारं कुणी नव्हतं. मी उन्हात जायची नाही. शाळेला जाताना वळचणीखालून, दुकानांच्या पालांखालून, सावलीसावलीनं जायची, म्हणजे माझी सावली पडायलाच नको. मधेच धीर करून उन्हात एक पाऊल टाकायची, खाली बघायची, डोकं आहे असं दिसायचं, पण भरवसा कुठं होता? त्या दिवशीही दिसलंच होतं की. हात आपोआप मानेकडे जायचा, आहे का बघायला. माझी जांभळी रिबीन मी शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला देऊन टाकली. ती म्हणाली, "आणि पिवळी?" पिवळी मी ठेवून घेतली. मरताना थोडं नटलेलं बरं.

माघ गेला. फाल्गुनातली अमावस्या जवळ आली, म्हणजे तिसरी. आणि मला मरणापेक्षाही एक भयंकर गोष्ट सुचली. मी आठवा फोटो होणार होते. मामा येणार, दारात तोंड पाडणार, मला भिंतीला टेकवणार, आणि माझी मान कलंडणार. माझ्या हनुवटीखाली पंचा. आणि पुढं जन्मभर, म्हणजे इतरांच्या जन्मभर, पोरं मला घाबरून खेकड्यासारखी चालणार. ते मला सहन होईना. म्हणून मी सराव सुरू केला.

दुपारी आत्या झोपली की मी माजघराचं दार लोटून घ्यायची, पाट मांडायची, देवातली विभूती कपाळाला फासायची, भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसायची. मान ताठ. पापण्या अर्ध्या. तोंड मिटलेलं. हळूहळू अंग सैल सोडायचं आणि मान कुठं जाते ते बघायचं. ती दर वेळी डावीकडे जायची. मी परत सरळ करायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी अव्वानं दार उघडलं.

अव्वा म्हणजे आई. ज्वारी निवडायचं सूप तिच्या हातात होतं, ते पडलं. मंगळवेढ्याची पांढरी ज्वारी सगळ्या माजघरात उधळली. तिनं किंकाळी फोडली नाही. तिच्या घशातून एक बारीक आवाज आला, दार घासल्यासारखा. मी डोळे पूर्ण उघडले तेव्हा ती माझ्यासमोर गुडघ्यावर बसलेली होती आणि दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपत होती.

"काय करतीस? अय्यो शिवा, काय करतीस ही?"

"सराव," मी म्हणाले.

तिनं मला एक ठेवून दिली. मग छातीशी धरलं. मग परत एक दिली. आणि मग मी सगळं सांगितलं, रडत, उचक्या देत, आणि ट्रंकेतून फोटो काढून तिच्या हातात दिला. मला वाटलं होतं, ती हसेल. मोठी माणसं असल्या गोष्टीला हसतात आणि मग भीती जाते, अशी माझी आशा होती. अव्वा हसली नाही. तिनं फोटो खिडकीशी नेऊन पाहिला, पालथा करून पाहिला, परत पाहिला.

"गंगाआत्याला दावलीस?"

"न्हाय."

"दावू नकोस." एवढंच म्हणाली आणि खाली बसून ज्वारी गोळा करू लागली. मीही गोळा करू लागले. त्या दिवसापर्यंत मी एकटी भीत होते. आता घरात दोघी भीत होतो, आणि त्यातली एक मोठी होती.

दुसऱ्या दिवशी अव्वा इरकली लुगडं नेसून एकटीच मामाकडे गेली. आली तेव्हा पिशवीत डबा कॅमेरा होता. मला मागच्या दारी बोलावून म्हणाली, "मामा सांगितला. फोटोला रंग कळत न्हाय. लाल रंग फोटोत काळा येतो. तुझं मुंडकं लाल सुतावर पडलं हुतं, सावली पण काळी, सूत पण काळं, म्हणून दिसना. मुंडकं हाय तिथंच हाय. समजलं?"

"आत्या म्हणती..." मी परत रडायला लागले.

"आत्या मरू दे. परत काढू या. पांढऱ्यावर काढू. मी पण येते."

हे ऐकून मी रडायची थांबले. अव्वा फोटोत? जी मामाच्या स्टुडिओत गेली तर त्या हंसांच्या पडद्याकडेसुद्धा पाठ करून बसायची? "सावलीचाच काढ पण," ती म्हणाली. "तोंड नको."

पाडवा झाल्यावर चार दिवसांनी नरसम्मानं लाल सूत वाळत घातलं. नंतर कळलं, अव्वानंच तिला सांगितलं होतं, लाल असेल तेव्हा हाक मार म्हणून. चैत्रातलं ऊन भिंतीवर नुसतं पेटलं होतं. बांबू अर्ध्याच भिंतीला होता. डावीकडे लाल लडी, उजवीकडे मोकळा चुना.

"ए नरसम्मा, काठी वीतभर वर घे की," अव्वा म्हणाली.

"कशाला वं अव्वा? वल्लं सूत हाय, जड हाय."

"पोरीच्या डोक्याला लागंल."

"पोरगी तर तिकडं हाय!" नरसम्मा हसली, पण नवऱ्याला हाक मारून तिनं बांबू वर बांधला. "फोटो काढता व्हय? मग माझ्या सुताचा पण येऊ द्या की. म्हणावं, नरसम्माचं सूत पेपरात आलं."

मी उजवीकडे, मोकळ्या चुन्यासमोर उभी राहिले. अव्वा माझ्या डाव्या हाताला. तिनं डोक्यावर पदर घेतला. मी काचेत वाकले, आणि मग परत वर पाहिलं.

"अव्वा, हिकडं सरक. पांढऱ्यावर ये."

"मी हाय तितंच बरी हाय. तू तुझं बघ. तुझं मुंडकं पांढऱ्यावर हाय का?"

"हाय."

"नीट बघ."

"हाय गं. तू पण ये की हिकडं."

"दोघी कशा मावणार? काढ बिगीनं."

भिंतीवर जागा चार बायका मावतील एवढी होती. पण अव्वाचा आवाज असा होता की मी परत काचेत वाकले. तिनं माझा खांदा धरला, घट्ट, दुखेल इतका. तिच्या तोंडून बारीक आवाजात काहीतरी चालू होतं, कानडीत, देवापुढं पुटपुटते तसं. एकच शब्द मला कळला, 'नंदु', म्हणजे मराठीत 'माझं'. तिचं काय, ते ऐकू आलं नाही. मी कळ दाबली.

या वेळी मामा फोटो घेऊन स्वतः घरी आला. त्यानं तो अव्वाच्या हातात दिला आणि हसला नाही. चहासुद्धा घेतला नाही. मी अव्वाच्या काखेतून डोकं घालून पाहिलं. माझं डोकं होतं! गोल, गच्च, दोन्ही बाजूंना रिबिनींची शिंगं. इतकं डोकं मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. मी उडी मारणार, तेवढ्यात शेजारची सावली दिसली. लुगड्याचा घोळ. माझ्या खांद्यावरचा हात. खांदे. गळा. आणि बरोबर गळ्याशी, वीतभर वर घेतलेल्या लडींची कड.

"अव्वा, तुझं..."

"लाल रंग काळा येतो," अव्वा म्हणाली. "मामा सांगितला न्हवं?" आणि फोटो शेवयांच्या डब्यात तळाशी ठेवून वर झाकण दाबलं.

ज्येष्ठातली अमावस्या आली. अव्वानं काही सण नसताना पुरणाच्या पोळ्या केल्या, आत्यानं कारण विचारलं तर म्हणाली, डाळ किडायला लागली होती. मी चार खाल्ल्या. रात्री मला शेजारी घेऊन झोपली आणि सकाळी मी उठले तेव्हा माझ्याकडेच बघत बसली होती. मी जिवंत होते. पण मला त्याचा आनंद घेता येईना, कारण माझी मोजणी अजून संपायची होती. मी चैत्रापासून दुसरी धरली होती. अव्वाची. तिची सहावी भाद्रपदात येत होती, नेमकी पितरांची. मामाचं म्हणणं मला पाठ होतं, लाल रंग काळा येतो, शाळेत बाईंनीही तसंच सांगितलं होतं. पाठ असणं वेगळं. मी तिच्या मागं मागं फिरायची. ती नळावर गेली की तिच्या सावलीवर डोळा ठेवायची. तिला ठसका लागला तरी पाण्याचा तांब्या घेऊन धावायची. पितरांच्या अमावस्येला शाळा बुडवून मी चुलीपाशी बसले, तिच्या पदराचं टोक मुठीत धरून. ती भाकरी थापत होती. थप थप थप. पलीकडे माग चालू होता. दोन्ही आवाज मी ऐकत होते, एकही थांबू नये म्हणून.

"सोड की गं, भाकरी जळती," ती म्हणाली. पण तिनं स्वतः पदर सोडवून घेतला नाही. ती दिवसभर तशीच, मला लोंबत ठेवून, घरात वावरली.

अव्वा त्यानंतर चाळीस वर्षांहून जास्त जगली. आत्या गेली, मामा गेला, अप्पा गेले, आणि अव्वा सुनांच्या हातच्या भाकरीला नावं ठेवत राहिली. शेवटच्या आजारपणात एका दुपारी मी तिच्या पायाला तेल लावत होते. विचारू की नको करत मी अखेर विचारलं, "अव्वा, तू त्या दिवशी सुतापाशी मुद्दाम उभी राहिलीस न्हवं?"

तिला लगेच कळलं. कुठला दिवस, असं तिनं विचारलं नाही.

"तुझं आपलं कायतरीच," ती म्हणाली. "तिकडं ऊन लई हुतं. सुताकडं सावली हुती, म्हणून थांबले."

ती गेल्यावर तिलाही रीतीप्रमाणं बसवलं, हार घातला, भाच्यानं मोबाइलवर फोटो काढला. तो मी भिंतीवर लावला नाही. भिंतीवर तो जुना लावला आहे, शेवयांच्या डब्याचा वास लागलेला. येणारे-जाणारे विचारतात, ही शिंगांची पोरगी कोण आणि शेजारी ही बिनडोक्याची बाई कोण. मी सांगते. आणि दर वेळी त्या बाईकडे नीट पाहते. लुगड्याच्या निऱ्या पांढऱ्या भिंतीवर काळ्याभोर उमटल्या आहेत, बोटं मोजता येतात इतका हात स्पष्ट आहे. सुताकडं सावली होती, म्हणे. जिथं ऊन नाही तिथं माणसाची अशी सावली पडत नाही, एवढं फोटोतलं मला आता कळतं.